हिमयुगं, उष्ण काळ आणि आपला पाऊस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगड-माती दाखवायला लोकांना घेऊन गेलं की परतीच्या बसमध्ये आणि पुढे कित्येक दिवस मेसेजवर तेच ते प्रश्न येत राहतात. शाळेतल्या मुलांचे, शिक्षकांचे, निवृत्त इंजिनिअरांचे, कधी शेतकऱ्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे विषय दुसरीकडे आलाय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेकांना बर्फाबद्दल विचारायचं असतं. आपल्या दख्खनमध्ये मात्र हवामानाचा जुना हिशेब पावसात मांडावा लागतो, म्हणून उत्तरं वळून वळून पाण्याकडे येतील.

१. हिमयुग म्हणजे नेमकं काय? ते तर कधीच संपलं ना?

पृथ्वीच्या ध्रुवांकडे बारमाही बर्फाचे अवाढव्य थर असतात, त्या काळाला भूशास्त्रात हिमयुग म्हणतात. त्या हिशेबानं आपण आजही हिमयुगातच आहोत. अंटार्क्टिकावर सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपासून बर्फ आहे. उत्तर गोलार्धातले मोठे हिमथर गेली सुमारे २६ लाख वर्षं वाढतायत आणि वितळतायत. या हिमयुगाच्या पोटात गारठ्याचे लांबलचक टप्पे येतात, त्यांना इथे ‘हिमकाळ’ म्हणतो. मधल्या उबदार टप्प्यांना ‘आंतरहिम काळ’. आपला आंतरहिम काळ ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला. लोक ‘हिमयुग’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शेवटचा हिमकाळ असतो. त्याचा कडाका सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शिगेला पोचला होता.

त्याआधीही मोठी हिमयुगं होऊन गेली. सर्वांत भयंकर ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली. तेव्हा विषुववृत्ताजवळही हिमनद्यांनी टाकलेला गाळ सापडतो, म्हणजे पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली होती.

२. तेव्हा थर्मामीटर नव्हता. मग इतक्या जुन्या काळचं तापमान कळतं कसं?

निसर्गानं ठेवलेल्या वह्यांवरून. अंटार्क्टिकाच्या बर्फात वर्षानुवर्षांचा हिम दाबला जाऊन त्यात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या लांब दांड्याला ‘गाभा’ म्हणतात. तिथल्याच व्होस्टोक इथल्या गाभ्यातून सुमारे ४ लाख २० हजार वर्षांची, तर ‘डोम सी’ इथल्या गाभ्यातून ८ लाख वर्षांची हवा प्रत्यक्ष मोजता आली. त्याहून जुन्या काळासाठी समुद्रतळाच्या गाळातले फोरामिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव कामी येतात. त्यांच्या कवचात जड आणि हलक्या ऑक्सिजनचं जे प्रमाण असतं, त्यावरून पाण्याचं तापमान आणि जमिनीवर किती बर्फ साठला होता याचा अंदाज बांधता येतो. झाडांची वर्तुळं, तलावातले परागकण, गुहांमधले चुनखडीचे स्तंभ यांवरून अलीकडचा काळ वाचता येतो. एका वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. चार वेगळ्या वह्या एकच सांगू लागल्या की मगच ते धरून चालतात.

३. पण हवामान मुळात बदलतंच का?

कोट्यवधी वर्षांच्या पल्ल्यात खंड सरकतात, डोंगर उभे राहतात, ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड ओकतात आणि झिजणारे खडक तो पुन्हा शोषून घेतात. हजारो वर्षांच्या पल्ल्यात पृथ्वीची कक्षा महत्त्वाची. कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांच्या चक्रात बदलतो, आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या, आणि आस भोवऱ्यासारखा डुलतो सुमारे २३ हजार वर्षांच्या चक्रात. त्यामुळे कोणत्या ऋतूत कुठे किती ऊन पडतं ते बदलत राहतं. या कल्पनेचा पाया स्कॉटलंडच्या जेम्स क्रॉल यांनी घातला. ग्लासगोतल्या एका शिक्षणसंस्थेत ते रखवालदाराची नोकरी करत आणि तिथल्या ग्रंथालयात बसून वाचत. पुढे सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी त्याचं गणित हातानं, वर्षानुवर्षं बसून मांडलं. क्रॉल यांच्याबद्दल मुलांना सांगायला मला मनापासून आवडतं.

एक-दोन वर्षांच्या पल्ल्यात ज्वालामुखी काय करतात ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. हिमयुगात महाराष्ट्रात बर्फ होता का?

शेवटच्या हिमकाळात नव्हता. सह्याद्रीवर हिमनदी वाहिल्याची एकही खूण नाही. पण सुमारे ३० कोटी वर्षं मागे गेलात तर उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते हातानं चाचपून बघता येतं.

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडकाचा एक सपाट कातळ आहे. त्यावर बसून तळहात फिरवा. शेजारी शेजारी, एकाच दिशेनं गेलेल्या खोबणी बोटांना लागतात, कुणी खडबडीत कानशीनं घासल्यासारख्या. प्रचंड जाडीची हिमनदी पोटात गोटे रुतवून या कातळावरून सरकत गेली, त्याचे हे ओरखडे. त्याच्या वर चिकणमातीत लहानमोठे गोटे खिचडीसारखे कालवलेले आहेत. पाणी गाळ टाकतं तेव्हा जड आणि हलकं वेगळं करतं; बर्फ वितळताना सगळं एकत्रच टाकून देतो. ओडिशातल्या तालचेर इथे असे थर १८५६ मध्ये ओळखले गेले आणि इरईच्या कातळाची नोंद १८७५ मध्ये झाली. उष्ण भारतात हिमनदी होती असं म्हणणं तेव्हा मोठं धाडस होतं. खंड सरकतात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या काळी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे होता.

याच गोटेमातीच्या थरांच्या वर चंद्रपूरचा कोळसा आहे. बर्फ हटला, दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडे जाणाऱ्या या जिल्ह्यात मुलांना ते ओरखडे दाखवताना माझा आवाज दरवेळी थोडा चढतो.

५. मग २१ हजार वर्षांपूर्वी, ऐन हिमकाळात, आपल्याकडे काय होतं?

कोरडेपणा. समुद्र गार, बाष्प कमी, जमीन आणि समुद्राच्या तापमानातला फरक कमी. त्यामुळे नैऋत्य मॉन्सून आजच्यापेक्षा दुबळा होता. अरबी समुद्राच्या तळातला गाळही हेच सांगतो.

माझा आवडता पुरावा जळगाव जिल्ह्यातला आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. एका तुकड्यावर तर माणसानं रेघा कोरून नक्षी काढली आहे. वय सुमारे २५ हजार वर्षं. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ माळाचा पक्षी. आज जिथे केळी आणि कापूस आहे, तिथे शहामृगं धावत होती आणि कुणीतरी त्यांच्या कवचावर बारीक हातानं रेघा ओढत बसलं होतं.

६. तेव्हा समुद्र कुठे होता? मुंबई होती का?

जमीन होती, किनारा नव्हता. पाणी हिमथरांत अडकल्यामुळे जगभर समुद्राची पातळी १२० मीटरहून अधिक खाली गेली होती. मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे, त्यामुळे किनारा दोनशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकला होता. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात उभे आहेत. तो सगळा पट्टा कोरडा होता. भारतातून श्रीलंकेला चालत जाता येत होतं.

बर्फ वितळू लागला तसं पाणी चढत आलं आणि ६-७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराच्या झाडांचं बुडालेलं जंगल लागलं, कित्येक खोडं मुळांसकट उभी. त्याचं कारण मात्र नुसतं समुद्र चढणं असं सांगू नये, तिथली जमीन खचल्याचाही त्यात भाग असावा.

७. हिमकाळ संपल्यावर पाऊस लगेच वाढला का? लोणारच्या गाळातून काय कळतं?

वाढला, आणि भरपूर वाढला. ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असे (आज ती जानेवारीत जवळ असते). उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त होतं. जमीन जास्त तापली आणि मॉन्सून आत खोलवर ओढला गेला. सहारात तळी होती, पाणघोडे होते. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या चित्रांत गुरांचे कळप आहेत. राजस्थानातली आज मिठानं पांढरी पडलेली तळीही भरलेली होती.

वाट मात्र सरळ नव्हती. १२,९०० वर्षांपूर्वी ऊब वाढत असतानाच उत्तर अटलांटिकचा प्रदेश पुन्हा गोठला आणि तो गारठा बाराशे वर्षं टिकला. मग ग्रीनलंडमध्ये काही दशकांतच सुमारे १० अंशांची वाढ झाली.

महाराष्ट्रापुरती सर्वांत चांगली वही लोणारच्या सरोवराच्या तळाशी आहे. उल्का आदळून झालेला तो वाडगा. बाहेरून नदी येत नाही, मोठी वाट बाहेर जात नाही, म्हणून पावसाचा हिशेब तळाच्या गाळात जसाच्या तसा उतरतो. तिथून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात जवळपास ११ हजार वर्षं आहेत. काही थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक सापडतात. ते कधी होतात? तळं आटून पाणी अतिशय खारं, सोडायुक्त झालं की. म्हणजे स्फटिकांचा थर हा लांबलेल्या दुष्काळाचा शिक्का. असे दोन मोठे शिक्के आहेत: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

पहिला शिक्का जगातल्या दुसऱ्या एका नोंदीशी जुळतो. ४,२०० वर्षांपूर्वी अनेक प्रदेशांत पाऊस आखडला, आणि त्याची प्रमाण नोंद मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या स्तंभात आहे. म्हणूनच २०१८ मध्ये पृथ्वीच्या सध्याच्या कालखंडाला अधिकृत नाव मिळालं ते ‘मेघालयन’.

८. म्हणजे सिंधू संस्कृती आणि आपलं इनामगाव हवामानामुळे बुडालं?

‘बुडालं’ हा शब्द मी वापरत नाही. सिंधूकाठची मोठी शहरं पाऊस आखडल्याच्या काळात विस्कटली हे खरं, पण लोक मेले नाहीत, ते छोट्या गावांत पांगले आणि पिकं बदलली. नद्यांचे प्रवाह बदलणं, व्यापार मंदावणं हेही त्यात होतं.

इनामगाव जास्त बोलकं आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १४०० ते १००० या काळात लोक चौकोनी, मातीच्या भिंतींच्या ऐसपैस घरांत राहत, बार्ली पिकवत. पाणी वळवायला त्यांनी चारीही खणली होती. त्यानंतरच्या थरांत घरं आकसतात. चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात, शिकार आणि गुरं यांचं महत्त्व वाढतं. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडतं. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. सगळ्यांना ते पूर्ण पटलेलं नाही, आणि लोणारच्या शिक्क्यांशीही (प्रश्न ७) ते काटेकोर जुळत नाही. मला स्वतःला वाटतं, पाऊस हे त्यातलं एक मोठं कारण असावं, एकमेव नव्हे. पण चौकोनी घर जाऊन गोल झोपडी येण्यात एका गावाचे दिवस कसे फिरले ते दिसतं. हवामानबदल असा घराच्या आकारातून वाचता येणारी जागा आपल्या इतक्या जवळ आहे, तरी पुण्यातल्या कितीतरी लोकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं, याची खंत वाटते.

९. मध्ययुगात आजच्यापेक्षा गरम होतं आणि नंतर ‘छोटं हिमयुग’ आलं म्हणतात. मग आत्ताची वाढ नैसर्गिकच नाही का? आणि दुर्गादेवीचा दुष्काळ त्यामुळेच पडला का?

दोन प्रश्न आहेत, म्हणून उत्तर थोडं लांब.

साधारण इ. स. ९५० ते १२५० या काळात उत्तर अटलांटिकच्या आसपास हवा सौम्य होती. एरिक द रेड इ. स. ९८५ च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये वसाहत करायला निघाला तो याच सुमारास. पुढे गारठा वाढला, आणि त्या वसाहतीची शेवटची लेखी खूण म्हणजे १४०८ मधलं एक लग्न. साधारण १४५० ते १८५० हा काळ ‘छोटं हिमयुग’ म्हणून ओळखला जातो. आल्प्समधल्या हिमनद्या गावांवर चालून आल्या, लंडनला गोठलेल्या थेम्सवर जत्रा भरत. शेवटची जत्रा १८१४ ची. (थेम्सच्या बाबतीत जुन्या पुलाच्या अरुंद कमानींनी प्रवाह अडत होता हेही लक्षात ठेवायला हवं, पूल गेला आणि नदी पूर्वीसारखी गोठेना.) पण जगाची सरासरी या सगळ्यात एका अंशाच्या काही दशांशांनीच खालीवर झाली. शिवाय एका प्रदेशाचा उबदार काळ दुसऱ्या प्रदेशाशी जुळत नाही. आत्ताची वाढ वेगळी आहे ती इथे: पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून जास्त भागावर गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उष्ण काळ विसाव्या शतकाच्या अखेरीचाच आहे. सगळीकडे एकदम.

आता दुर्गादेवी. परंपरेनं १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा हा दुष्काळ आपल्या गावोगावच्या आठवणीत आहे. बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या स्तंभातून चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मॉन्सून वारंवार दुबळा पडल्याचं दिसतं. म्हणजे लोकस्मृती आणि गुहेतला चुना एकच बोलतात. मात्र १६३० चा दुष्काळ ‘छोट्या हिमयुगामुळे’ पडला असं कुणी म्हटलं तर मी हात जोडून थांबवतो. शतकांची सरासरी एकेका वर्षाचा पाऊस ठरवत नाही. दुबळ्या काळात वाईट वर्षांची शक्यता वाढते, इतकंच म्हणता येतं. आणि दुष्काळाचा भूकबळी होतो तेव्हा त्यात सैन्यं, सारावसुली आणि धान्याची वाहतूकही येते.

१०. ज्वालामुखीनं हवा गार होते की गरम? आपला तर सगळा दख्खनच लाव्ह्याचा.

दोन्ही, फरक काळाचा आहे. स्फोटात गंधकयुक्त वायू उंच गेले की त्यांचे सूक्ष्म थेंब ऊन परतवतात आणि एक-दोन वर्षं गारठा पडतो. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि १८१६ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडला, युरोपात पिकं गेली, भारतात मॉन्सून विस्कटला. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम याउलट, सावकाश आणि हजारो वर्षं टिकणारा.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, काही लाख वर्षांत, पाळीपाळीनं वाहिला. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाची पट्टी दिसते. ती दोन उद्रेकांच्या मधल्या सवडीत झिजून झालेली माती. म्हणजे मध्ये उसंत होती, पाऊस पडत होता. लाव्ह्याबरोबर निघालेल्या वायूंनी जग काही अंशांनी तापवलं, आणि मग मेक्सिकोत अशनी आदळला. डायनोसॉर नेमके कशानं गेले, यात दोघांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. अशनीकडे पारडं जास्त झुकतं.

अपवाद म्हणून विचारला जाणारा प्रश्न: जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे ज्वालामुखीची राख आहे, ती तोबाचीच ना? सुमात्रातला तोबा ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची राख भारतभर पडली हे नक्की. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याहून कित्येक लाख वर्षं जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत.

११. डायनोसॉरच्या काळी आणि नंतरही पृथ्वी खूप गरम होती. जीवसृष्टी टिकली. मग दीड-दोन अंशांची इतकी काळजी कशाला?

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर मगरीचे भाईबंद राहत होते, हे अगदी खरं. पण अंश मोजायचा कसा ते पाहा. ऐन हिमकाळ आणि गेलं शतक यांच्या जागतिक सरासरीत फरक फक्त ५-६ अंशांचा. तेवढ्या फरकात कॅनडावर तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि समुद्र प्रश्न ६ मध्ये सांगितलंय तितका खाली होता.

आणि मुख्य गोष्ट वेगाची. हिमकाळातून बाहेर यायला ते ५-६ अंश जवळपास दहा हजार वर्षांत चढले. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी कार्बन झपाट्यानं हवेत आला आणि तापमान तितकंच वाढलं, तेव्हाही काही हजार वर्षं लागली. खोल समुद्रातले निम्म्याच्या आसपास फोरामिनिफेरा नामशेष झाले आणि सगळं पूर्ववत व्हायला एक लाखाहून अधिक वर्षं गेली. आत्ता आपण सव्वा अंशाच्या वर गेलोय ते दीडशे वर्षांत. मगरींच्या काळी किनाऱ्यावर मुंबई नव्हती, बांधावर आंब्याची कलमं नव्हती.

१२. बर्फाच्या गाभ्यात तापमान आधी वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड नंतर. मग कार्बन दोषी कसा?

निरीक्षण बरोबर आहे, पण ते अंटार्क्टिकापुरतं. कक्षेतल्या बदलानं (प्रश्न ३) ऊब सुरू होते, दक्षिणेचा समुद्र तापतो, त्यात विरघळलेला कार्बन बाहेर येतो आणि तो उरलेल्या जगाला आणखी तापवतो. सगळ्या जगाची सरासरी काढली तर गेल्या हिमकाळाच्या शेवटी कार्बन पुढे आणि तापमान मागे असंच दिसतं. हिमकाळ-उष्णकाळाच्या चक्रात तो साधारण १८० ते २८० पीपीएममध्ये (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) खालीवर होत असे. आज तो ४२० च्या वर आहे, आणि हा जादा कार्बन समुद्रातून आलेला नाही. त्यात खनिज इंधनाची खूण आहे.

१३. पुढचं हिमयुग येऊन हे सगळं आपोआप निवळेल का?

नाही. आपण काहीही केलं नसतं तरी कक्षेच्या हिशेबानं पुढचा हिमकाळ हजारो वर्षं दूर होता. आत्ताच्या कार्बननं तो आणखी लांबला आहे.

१४. प्रश्न ७ प्रमाणे उष्ण काळात मॉन्सून जोरदार होता. मग तापमानवाढ मराठवाड्याला चांगलीच ना?

हा प्रश्न मला परभणीकडच्या एका शेतकऱ्यानं विचारला होता, आणि इतका नेमका प्रश्न क्वचित येतो.

तेव्हाची ऊब उन्हाळ्यातल्या जादा उन्हामुळे होती. जमीन समुद्रापेक्षा खूप तापायची आणि वारा आत ओढायची. आत्ता कार्बनमुळे समुद्रही तापतोय, वर्षभर, रात्रीसुद्धा. हिंदी महासागर वेगानं तापल्यानं तो फरकच कमी होतो. दुसरीकडे हवा एका अंशाला सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधली उघडीप लांबते. मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन जुलैच्या उघडिपीत करपतं आणि काढणीला आलेलं सप्टेंबरच्या पाण्यात कुजतं. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पाऊस आमच्या वाट्याचाच येईल, पण वेळेवर येणार नाही.” मी हो म्हणालो.